मधल्या खोलीला हवा छपरातला उजेड

जुन्या नाशकातल्या एखाद्या अरुंद घरात भर दुपारी पाऊल टाकले, तरी मधल्या खोलीतला दिवा लागलेला दिसतो. दोन्ही बाजूंना शेजाऱ्यांच्या भिंती. खिडकी काढायची कुठे? आणि घरातली वयस्कर माणसे दिवसभर बसतात ती बहुधा याच खोलीत.

वाड्यांनी हा प्रश्न चौकाने सोडवला होता. कौलारू घरात एखादे काचेचे कौल असे, धाब्याच्या घरात साणे. वाडे पडले, त्या जागी स्लॅबची घरे उभी राहिली आणि वरून येणारा उजेड बंद झाला. हे नुकसान नुसते शोभेचे नाही, आरोग्याचे आहे.

डोळ्याच्या पडद्यात दिवस-रात्रीची खबर मेंदूला देणाऱ्या खास पेशी असतात. त्यांच्या इशाऱ्यावर झोपेचे घड्याळ जुळते. ढगाळ दिवशीही बाहेर हजारो लक्स उजेड असतो. ट्यूबलाइटच्या खोलीत तो दोन-तीनशेच्या पुढे क्वचितच जातो. त्यात साठीनंतर डोळ्याचे भिंग पिवळसर होते, बाहुली लहान होते आणि तरुणपणाच्या निम्माही प्रकाश पडद्यावर पोहोचत नाही. मग दिवसा डुलक्या, रात्री जागरण आणि उंबऱ्याला ठेच, हे सगळे ‘वयाचे’ म्हणून सोडून दिले जाते.

उपाय छपरात आहे. पूर्ण ढगाळलेले आकाश क्षितिजापेक्षा डोक्यावर सुमारे तिप्पट उजळ असते. म्हणून छपरातली लहान फटही तेवढ्याच खिडकीपेक्षा जास्त उजेड देते.

‘उन्हाळ्यात भट्टी होईल, पावसात गळेल,’ ही भीती मात्र खोटी नाही. नाशिक सुमारे २० उत्तर अक्षांशावर आहे. २० मेच्या आसपास दुपारचा सूर्य थेट डोक्यावर येतो. अशा वेळी छपरात आडवी बसवलेली काच घर तापवणारच. त्यापेक्षा स्लॅबवर छोटी चौकट उचलून घ्यावी, काच उत्तरेकडे उभी बसवावी आणि वर छज्जा द्यावा. करवतीच्या दात्यांसारख्या छपरांचे कारखाने हीच युक्ती वापरतात. उजेड कमी मिळतो, पण बहुतेक ऊन टळते, पाणी साचत नाही आणि गारांचा मारही कमी बसतो. बाजूला जाळीची झडप ठेवली, तर गरम हवा वर निघून जाते.

दोन गोष्टी मात्र ध्यानात ठेवाव्यात. काचेतून आलेल्या उन्हाने ‘ड’ जीवनसत्त्व मिळत नाही. त्यासाठी गच्चीवर जायलाच हवे. आणि तयार स्लॅब अभियंत्याला विचारल्याशिवाय फोडू नये, सळई तुटली तर घरच धोक्यात येते.

म्हणूनच हा विचार नकाशा काढतानाच व्हायला हवा. नवे घर बांधताना पार्किंग किती, हे सगळेच विचारतात. आजीच्या खोलीत दिवसा दिवा लावावा लागेल का, हेही कुणीतरी विचारले पाहिजे.