तारा खाली, खांब जागेवर

वळवाचा पहिला शिडकावा झाला की बदलापुरात वीज जाते आणि वीज गेली की वाहिन्या भूमिगत करण्याची मागणी पुढे येते. वीज परतली की मागणी झोपी जाते. मागणी रास्तच आहे. बदलापुरातले सोनिवली हे कालपरवापर्यंत भातखाचरांचे गाव. आता तिथे बहुमजली संकुले उभी आहेत. इमारतीपासून ११ केव्हीपर्यंतची तार किमान १.२ मीटर आणि त्यावरच्या, ३३ केव्हीपर्यंतच्या दाबाची तार किमान २ मीटर दूर हवी, असा नियम आहे. प्रत्यक्षात अशा वाढत्या वस्त्यांत तार इमारतीजवळ गेली की इमारत तारेजवळ आली, यावर वाद घालत बसावे आणि तोवर गॅलरीत साडी वाळत घालताना जपून हात काढावा.

मौज अशी की, नव्या संकुलांच्या फाटकाच्या आत तारा दिसतच नाहीत. बिल्डरच्या रंगीत चित्रातले आभाळ स्वच्छ असते, म्हणून आतली वायरिंग जमिनीखाली. फाटकाबाहेर पाऊल टाकले की खांब सुरू. सोनिवलीतला रहिवासी लोकलने मुंबई बेटावर कामाला जातो, तिथे बेस्टची वीज जमिनीखालून येते. दिवसभर भूमिगत विजेवर राबायचे आणि रात्री घरी येऊन झाडाची फांदी तारेवर कधी पडते याची वाट पाहायची, हे त्याच्या अंगवळणी पडले आहे.

पण एखादा खांब जरा निरखून पाहा. वरच्या टोकाला महावितरणच्या तारा. त्याखाली पथदिवा, तो नगरपरिषदेचा. त्याखाली केबलवाल्याची काळी वेटोळी, इंटरनेटवाल्यांच्या दोन-चार फायबर वायरी, त्यांचे लटकते डबे, वाढदिवसाच्या शुभेच्छांचा फलक आणि डोळ्यांच्या उंचीवर ‘रूम भाड्याने देणे आहे’. विजेची तार उद्या जमिनीत गेली तरी पथदिव्याला खांब लागणारच. मग बाकीची मंडळी तरी कशाला हलतील? तारा भूमिगत झाल्या म्हणून नारळ फुटेल आणि आभाळ तेवढेच काळे राहील. न्यूयॉर्कने १८८८च्या हिमवादळानंतर सगळ्याच तारांना जमिनीची वाट दाखवली, टेलिफोन-टेलिग्राफसकट. उलट टोकियोत आजही बहुतेक तारा खांबांवरच आहेत आणि तिथली वीज आपल्याइतकी जात नाही. तेव्हा सगळा दोष तारेच्या उंचीला देऊन भागणार नाही. वेळच्या वेळी फांद्या छाटणे हाही एक उपाय असतो, फक्त त्याचे उद्घाटन करता येत नाही.

जमिनीखाली जायचे तर आधी तिथे जागा हवी. जीवन प्राधिकरणाची जलवाहिनी, भुयारी गटार, फायबर, असे सारे जण खाली आधीच मुक्कामाला आहेत, आणि कोण नेमके कुठे आहे हे बहुधा जेसीबीच्या दातालाच कळते. २२ केव्हीची केबल साधारण १.०५ मीटर खोल घालावी, खाली-वर वाळू असावी, वर विटांचे किंवा फरशीचे आच्छादन, त्यावर धोक्याची पट्टी, असे भारतीय मानक सांगते. कंत्राटदाराचे मानक वेगळे असते. ते रात्री किती वाजता काम उरकले यावर ठरते. खांबावरची तार तुटली तर लाइनमनला रस्त्यावरून दिसते. केबलमधला बिघाड शोधायला यंत्र लावलेली गाडी बोलवावी लागते, मग खोदायचे, जोड द्यायचा. आणि त्या जोडात पाणी शिरले की पुन्हा तेच. खोदण्यापूर्वी इतरांना कळवता यावे म्हणून केंद्राने मार्च २०२३मध्ये ‘कॉल बिफोर यू डिग’ नावाचे ॲप आणले. ते किती जेसीबीचालकांच्या फोनवर आहे, हे विचारायला कुणी गेले तर त्याने हेल्मेट घालून जावे.

दुसरी गोष्ट पाण्याची. बदलापूर पश्चिमेला उल्हास नदी काय करू शकते हे २६ जुलै २००५ला दिसले आणि २७ जुलै २०१९ला बदलापूर-वांगणीदरम्यान महालक्ष्मी एक्स्प्रेस पाण्यात अडकली तेव्हा साऱ्या देशाने पाहिले. केबल जमिनीखाली जाते, पण तिच्यातून घरोघर वीज वाटणारे फीडर पिलर रस्त्याच्या कडेलाच उभे राहतात, गुडघ्या-कमरेच्या उंचीवर. वाऱ्यापासून वाचलेली वीज मग पुरात सापडते. अलिबागला राष्ट्रीय चक्रीवादळ धोका निवारण प्रकल्पातून वाहिन्या भूमिगत करायला घेतल्या, ते योग्यच. जून २०२०मध्ये ‘निसर्ग’ चक्रीवादळाने रायगडात हजारो खांब आडवे केले. तिथे शत्रू वारा आहे. इथे वाऱ्याबरोबर पाणीही आहे, म्हणून अलिबागचा आराखडा नाव बदलून बदलापुरात चालणार नाही. पिलरचा चौथरा पूररेषा पाहून बांधावा लागेल.

आणि खर्च? भूमिगत वाहिनीला खांबांच्या कितीतरी पट पैसा लागतो, त्यात रस्ता खोदल्याचे शुल्क वेगळे. महावितरण म्हणणार, नगरपरिषदेने शुल्क माफ करावे. नगरपरिषद म्हणणार, रस्ता कोण दुरुस्त करणार? या पत्रव्यवहारात दोन पावसाळे सहज निघतात. तेवढ्यात त्याच रस्त्याचे काँक्रिटीकरण होते आणि सहा महिन्यांनी तो पुन्हा फोडला जातो.

म्हणून कुळगाव-बदलापूर नगरपरिषदेला एकच विनंती. तारा खाली जातील तेव्हा जातील. सोनिवलीत पुढचा काँक्रीट रस्ता ओतण्याआधी त्याच्या दोन्ही कडांना आणि प्रत्येक चौकात आडवे असे केबलसाठी रिकामे पाइप टाकून ठेवा, आणि ते कुठे टाकले याचा नकाशा कार्यालयाच्या दाराशी लावा.