माया आहे, वेळ हिरावला आहे



मागच्या महिन्यात माझ्या वहिनीला एका दवाखान्यात ऐकावं लागलं, "तुम्हा लोकांना लेकराची मायाच नाही. सहा महिन्यांचं पोर घरी टाकून कामाला जाता." वहिनी तिथं काही बोलली नाही. घरी येऊन रडली. म्हणून मी लिहितो आहे.

वहिनी मिरचीच्या सातऱ्यावर देठ तोडायला जाते. कुही, मांढळ, भिवापूरकडच्या बायांना हे काम समजावून सांगायला नको. मजुरी किलोवर. लेकरू सोबत न्यावं तर ठसक्यानं त्याचा जीव कासावीस होते. संध्याकाळी साबणानं तीनदा हात धुतले तरी आग जात नाही. लेकरू झेपावते, अन् माय म्हणते, "थांब रे बापा, हात नको लावू." दादा मिरची तोडायला तेलंगणात गेला होता. दोन महिन्यांनी आला, तर लेकरू त्याले पाहून रडाले लागलं. यात मायेचा काय दोष?

आजीच्या वेळी गरिबी कमी नव्हती. पण मोह वेचायला जाताना लेकरू पाठीशी असे. झाडाला लुगड्याची झोळी बांधायची, वेचता वेचता झोका द्यायचा, रडलं की पाजायचं. काम आपलं होतं, वेळही आपला होता. 2012 साली उमरेड-कऱ्हांडला अभयारण्य झालं अन् तिथं मोह-तेंदू वेचणं अवघड झालं. जंगल सुटलं की माणूस दुसऱ्याच्या कामावर जाते, अन् लेकरू घरी राहते. त्याला सांभाळायला मोठी पोरगी शाळा सोडते.

म्हणून मी म्हणतो, वनहक्काचा दावा हा लेकराचाही दावा आहे. 2006 चा कायदा अभयारण्यातही लागू आहे. गौण वनोपजावर आपला हक्क आहे. वैयक्तिक पट्टा नवरा-बायको दोघांच्या नावानं मिळतो, तो तसाच मागा.

तोवर आणखी एक करा. रोजगार हमीच्या कामावर पाच लहान मुलं असली, तर त्यांना सांभाळायला एक बाई नेमायची अन् तिला मजुरी द्यायची, असा नियम आहे. काम मागताना हेही लिहून मागा.

पुढच्या ग्रामसभेला बायांनो, लेकरं घेऊनच या. रडली तर रडू द्या. ऐकणाऱ्यांनी ऐकावं.