जेल ‘स्मार्ट’ आहे, पण घरचा फ्रीज चालू आहे का?

“डॉक्टर, रोजच्या गोळ्या नकोत. एकदा टोचलं की महिनाभर पुरणारं ते जेल कधी येणार?” बोईसर-तारापूर एमआयडीसीत शिफ्ट ड्युटी करणारे रुग्ण हल्ली हे विचारतात. मोबाइलवर व्हिडिओ पाहिलेला असतो आणि बीपीची गोळी चार दिवस बंद असते. म्हणून स्पष्टच लिहितो.

आधी हे जेल समजून घ्या. भाताची पेज थंड झाली की घट्ट होते. हे जेल उलटे वागते: थंड असताना पातळ, अंगाच्या उबेने घट्ट. पोलोक्सॅमर ४०७ या पॉलिमरच्या साखळीत काही भागांना पाणी आवडते, काहींना नाही. ऊब मिळाली की पाणी नावडणारे भाग एकमेकांना बिलगतात, त्यांचे सूक्ष्म गोळे होतात, ते दाटीने बसतात. त्यात अडकलेले औषध हळूहळू सुटते.

युक्ती खरी आहे. किडनीतल्या मूत्रमार्गाच्या एका प्रकारच्या कर्करोगासाठी मायटोमायसिन औषध अशा जेलमधून द्यायला अमेरिकेत २०२० मध्ये मान्यता मिळाली. थंड द्रव आत सोडतात, तो तिथे घट्ट होतो आणि लघवीबरोबर लगेच वाहून न जाता काही तास टिकतो. चाचणीतल्या ७१ पैकी ४१ रुग्णांत गाठ दिसेनाशी झाली. पण अर्ध्याहून अधिक रुग्णांत मूत्रवाहिनीत अडथळाही आला. व्हिडिओत पहिलेच वाक्य असते, दुसरे नसते.

आता आपल्याकडचे बघा. मे महिन्यात पत्र्याच्या खोलीत असे औषध बाटलीतच घट्ट होईल. फ्रीजमध्ये ठेवल्यावर ते पुन्हा पातळ होईलही, पण आतले औषध शाबूत आहे का, हे डोळ्यांना कळत नाही. जव्हार-मोखाड्याच्या पाड्यावर वीज गेली तर काय? ज्याला ‘स्मार्ट’ म्हणायचे, त्याने आधी या प्रश्नाचे उत्तर द्यावे.

आणि मेडिकलमधले गार वाटणारे जेल म्हणजे हे तंत्रज्ञान नव्हे. तो गारवा बहुधा मेंथॉलचा असतो.

कुणी ‘स्मार्ट जेल’ विकायला आले तर तीन गोष्टी विचारा: आत औषध कोणते? कोणत्या आजारासाठी मान्यता आहे? ठेवायचे किती तापमानाला? उत्तर मिळाले नाही तर पैसे देऊ नका. आणि आजची बीपीची गोळी आजच घ्या.