दोन मिनिटांचें मौन आणि नांवांची यादी

गेल्या नोव्हेंबरांत एका रविवारीं मंडळीच्या उपासनेंत आम्हीं महायुद्धांत पडलेल्यांसाठीं दोन मिनिटें मौन पाळलें. पाळकांनीं प्रार्थना केली, एक गीत झालें, आणि आम्ही पायांत जोडे घालून बाहेर आलों. तेव्हां आपल्याच शाळेंतील नववीच्या एका विद्यार्थ्यानें मला गांठून विचारलें, "सर, आपण उभे राहिलों, तें कोणासाठीं?" मीं म्हटलें, "लढाईंत मेलेल्या शिपायांसाठीं." तो म्हणाला, "त्यांतल्या एकाचें तरी नांव सांगा ना." मला सांगतां आलें नाहीं. इतिहासाच्या सनावळ्या मुलांकडून पाठ करून घेणाऱ्या मनुष्याची ही स्थिति! पुढील विचार त्या लाजेंतून निघाला आहे, हें आरंभींच सांगून टाकतों.

ही चाल कोठून आली तें थोडक्यांत सांगितलें पाहिजे. पहिलें महायुद्ध १९१८ च्या नोव्हेंबरच्या ११ तारखेस सकाळीं ११ वाजतां थांबलें; पुढील वर्षापासून त्या घटकेस दोन मिनिटें स्तब्ध उभें राहण्याचा प्रघात पडला, आणि दुसऱ्या महायुद्धानंतर तो त्या दिवसाजवळच्या रविवारीं पाळला जाऊं लागला. आपल्याकडे तो साहेबाबरोबर आला हें खरें. त्यामुळें कित्येक सुशिक्षित पालक म्हणतात कीं, परक्या राजासाठीं मेलेल्यांचें स्मरण स्वतंत्र देशांतील मुलांनीं कां करावें?

हा आक्षेप मी हलका मानीत नाहीं. परंतु आक्षेप घेणारांनीं मेलेल्या माणसांकडे एकदां पाहावें. पहिल्या युद्धांत दहा लक्षांहून अधिक हिंदी माणसें समुद्रापार गेलीं व सुमारें ७४ हजार परत आलीं नाहींत. दुसऱ्या युद्धांत सुमारें ८७ हजार गेलीं. मेसापोटेमियांतील कुत येथें १९१५ च्या डिसेंबरपासून १९१६ च्या २९ एप्रिलपर्यंत १४७ दिवस जो वेढा पडला, त्यांत १०३, ११० व ११७ या मराठा पलटणी अडकल्या होत्या. उपासमारीनें सैन्य शरण गेलें, आणि कैदेंत कित्येकांचा अंत झाला. हे बहुतेक कोंकण, सातारा अशा कोरडवाहू मुलखांतील शेतकऱ्यांचे मुलगे. साम्राज्य म्हणजे काय हें त्यांना कोणीं विचारलें होतें? घरीं मनिऑर्डर जावी, सावकाराचें देणें फिटावें, एवढ्यासाठीं बहुतेक गेले असतील. ज्या सरकारनें त्यांना पाठविलें त्याचा न्याय इतिहास करील. पण ज्या आईचा मुलगा परत आला नाहीं तिच्या दुःखाला परकें म्हणण्याचा अधिकार आपणांस नाहीं.

माझी खरी तक्रार निराळीच आहे. या मृतांना स्मरणांतही सारखें स्थान मिळालें नाहीं. युद्धांतील थडग्यांसाठीं १९१७ सालीं जो आयोग नेमला गेला, त्याचें तत्त्व असें कीं हुद्दा, वर्ण वा धर्म यांवरून भेद करूं नये. पुण्याजवळ खडकी येथें आयोगाची स्मशानभूमि आहे. तेथें दुसऱ्या महायुद्धांतील १,६०० हून अधिक थडगीं असून, अधिकारी असो वा शिपाई, प्रत्येकाचा दगड एकाच मापाचा आहे. सहलीस पुण्यास जाणाऱ्या वर्गांनीं शनिवारवाड्याबरोबर तीही जागा पाहावी. पण हेंच तत्त्व बसऱ्यास पाळलें गेलें नाहीं. तेथील स्मारकावर गोऱ्यांचीं व हिंदी अधिकाऱ्यांचीं नांवें कोरलीं गेलीं आणि साध्या हिंदी शिपायांची नुसती संख्या! आयोगानें २०२१ सालीं स्वतःच अहवाल काढून अशा विषमतेची कबुली दिली व क्षमा मागितली. आपल्या देशांतल्या गांवोगांवच्या शिळाही याच मासल्याच्या: या गांवांतून इतके गेले, त्यांपैकीं इतके मेले. गेले कोण? शिळा बोलत नाहीं.

याच्या उलट इंग्लंडांत ब्रायटन शहराजवळ एक छत्री आहे. तेथील इस्पितळांत वारलेल्या हिंदु व शीख शिपायांना त्या टेकडीवर अग्नि दिला होता. छत्री १९२१ सालीं उघडली, पण त्या ५३ जणांचीं नांवें दगडावर आलीं २०१० सालीं. एकूणनव्वद वर्षांचा उशीर, तरी आलीं!

आतां आमच्या उपासनेविषयीं. तींत 'बलिदान' हा शब्द फार सैलपणें वापरला जातो, असें माझें नम्र मत आहे. प्रभूनें आपण होऊन प्राण दिला. शिपायाचा प्राण बहुधा हिरावून घेतला जातो. दोन्ही एका मापानें मोजलीं कीं युद्धच पवित्र ठरूं लागतें. शौल राजा व योनाथान रणांत पडले तेव्हां दाविदानें जो विलाप केला तो मुलांनीं शमुवेलाच्या दुसऱ्या पुस्तकांत वाचावा. शौल तर त्याच्या जिवावर उठलेला होता. तरी दाविदानें त्याचें नांव घेऊन शोक केला आणि तो विलाप यहूदाच्या लोकांना शिकविण्याची आज्ञा दिली. आमच्या प्रार्थनेंत शत्रुपक्षाच्या मृतांस इतकी तरी जागा असावी.

आणि हें सर्व मंदिराच्या भिंतींआड राहूं नये. ज्यांचें स्मरण करावयाचें ते बहुतांशीं हिंदु, मुसलमान व शीख होते. त्यांचीं नातवंडें ख्रिस्ती उपासनेला येणार नाहींत, आणि त्यांना तसें सांगणेंही योग्य नव्हे. म्हणून उपासना मंडळीनें करावी, पण नांवांचें वाचन शाळेच्या सभागृहांत, सर्व पालकांसमोर व्हावें. नाईक यशवंत घाडगे यांचें नांव मी प्रथम वाचीन. माणगांव तालुक्यांतील हा तरुण इटलींत टायबर नदीच्या खोऱ्यांत १० जुलै १९४४ रोजीं पडला. सर्व सोबती पडल्यावर त्यानें एकट्यानें मशीनगनचें ठाणें घेतलें, म्हणून त्यास व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. थडगें मात्र मिळालें नाहीं, कॅसिनोच्या स्मारकावर नुसतें नांव आहे. दिल्लीचें राष्ट्रीय युद्धस्मारक २०१९ सालीं झालें, तें स्वातंत्र्यानंतरच्या वीरांचें. तेथें तें सांपडणार नाहीं.

खानदेश हा सैन्यभरतीचा मोठा प्रांत नव्हता, म्हणून आपली यादी लहान होईल. होऊं द्या. आयोगाची नोंदवही आतां संगणकावर कोणासही पाहतां येते, आणि कित्येक नोंदींत बापाचें नांव व गांवही असतें. मात्र जळगांव किंवा धुळें एवढ्यावर थांबूं नये. १९०६ पासून या जिल्ह्यांचीं नांवें पूर्व व पश्चिम खानदेश अशीं होतीं, तींही घालून पाहावीं. १९४७ नंतरच्या लढायांतील जवान अर्थात् याच यादींत येतील. घरांत एखादें पदक, पेन्शनचा कागद, गणवेशांतील छायाचित्र असेल तर पालकांनीं त्याची हकीकत मुलांस सांगावी व मुलांनीं लिहून आणावी. कागद मोडींत असल्यास तो रद्दींत टाकूं नये. धुळ्यास राजवाडे संशोधन मंडळ आहे, तेथें विचारतां येईल. ऑक्टोबर अखेरपर्यंत आलेलीं नांवें मीं वहींत उतरवून घेईन. तो नववींतील विद्यार्थी आतां दहावींत आहे. वाचन त्यानेंच करावें असें मीं त्याला सांगितलें आहे.