रक्ताचें नातें आणि रक्ताचा गट

गेल्या कार्तिकांत आमच्या घरीं जो प्रसंग गुदरला, तो येथें सांगावा कीं न सांगावा, याचा आम्ही बरेच दिवस विचार करीत होतों. घरची गोष्ट चारचौघांत मांडणें आमच्या स्वभावांत नाहीं. परंतु त्या प्रसंगानें आमची एक जुनी समजूत मुळापासून उपटली. तीच समजूत वाचकांपैकीं पुष्कळांच्या घरांत नांदत असेल असें वाटल्यावरून, पुतणीची व तिच्या सासरच्या मंडळींची परवानगी घेऊन आज तो लिहीत आहों.

आमची धाकटी पुतणी पहिल्या बाळंतपणासाठीं म्हसवडास माहेरीं आली होती. गांवांत श्रीसिद्धनाथाच्या रथाची तयारी चालली होती आणि घरांत डिंकाच्या लाडवांची. दिवस भरले, मुलगी झाली, आणि पाठोपाठ रक्तस्राव सुरू झाला. येथील डॉक्टरांनीं वेळ न दवडतां तिला शहरांतील मोठ्या रुग्णालयांत हलविलें. तेथें स्राव थांबला. पण अंगांतील रक्त इतकें गेलें होतें कीं, बाहेरून रक्त दिल्यावांचून धडगत नाहीं असें आम्हांस सांगण्यांत आलें. तिच्या कागदावर गरोदरपणींच रक्तगट लिहिलेला होता : 'ओ पॉझिटिव्ह'.

रक्तपेढींतून रक्त आणावें लागेल, असें डॉक्टर म्हणतांच आम्ही पुढें झालों. "बाहेरचें रक्त कशाला? घरांत ओ गटाचीं चार माणसें उभीं आहेत. एका कुळाचें रक्त तिला मानवणार नाहीं, तर मग कोणाचें मानवेल?" असें आमचें म्हणणें. आम्हीं स्वतःचाहि हात पुढें केला. पेढींतील मुलीनें नम्रपणें विचारलें, "आजोबा, वय किती?" सदुसष्ट म्हणतांच ती म्हणाली, "पासष्टीनंतर आम्ही घेत नाहीं." आम्ही मुकाट्यानें बाकावर बसलों. चौघांचे नमुने आंत गेले.

तासाभरानें ती बाहेर आली ती गंभीर चेहऱ्यानें. चौघांपैकीं एकाचेंहि रक्त जुळत नव्हतें. पेढींतील ओ गटाच्या पिशव्याहि एकामागून एक तपासून झाल्या होत्या. ज्या ज्या रक्ताशीं पुतणीच्या रक्तांतील पाणी मिसळावें, त्या त्या रक्ताच्या गुठळ्या होत होत्या. तेथील वडील डॉक्टरांनीं आम्हांस जवळ बसवून सांगितलें कीं, हा गट ओ नव्हेच. हा 'बॉम्बे' गट दिसतो. हा गट ज्याचा असेल त्यास त्याच गटाच्या माणसाचें रक्त चालतें, दुसऱ्या कोणाचेंहि नाहीं.

ही काय भानगड आहे, हें समजण्यास थोडें मागें गेलें पाहिजे. एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धांत लंडनचे प्रसूतितज्ज्ञ जेम्स ब्लंडेल यांनीं रक्तस्रावानें खचलेल्या बाळंतिणींना दुसऱ्या माणसाचें रक्त देऊन पाहिलें. कांहीं वांचल्या, कांहीं दगावल्या. आणि असें कां व्हावें हें कोणास उमगेना. त्याचा उलगडा १९०१ सालीं व्हिएन्ना येथें कार्ल लँडस्टायनर यांनीं केला. निरनिराळ्या माणसांचें रक्त एकमेकांत मिसळून पाहतां, कांहींचें मिसळतें आणि कांहींच्या गुठळ्या होतात, असें त्यांस आढळलें. त्यावरून त्यांनीं रक्ताचे तीन गट पाडले. चौथा गट पुढच्याच वर्षीं त्यांच्या सहकाऱ्यांस सांपडला. या शोधाबद्दल लँडस्टायनर यांस १९३० सालीं नोबेल पारितोषिक मिळालें.

त्यांतील तत्त्व साधें आहे. रक्तांतील तांबड्या पेशींच्या अंगावर कांहीं खुणा असतात. 'ए' खूण असेल तर गट ए, 'बी' असेल तर बी, दोन्ही असतील तर एबी, आणि दोन्ही नसतील तर ओ. निसर्गाची दुसरी योजना अशी कीं, जी खूण आपल्या अंगीं नाहीं, तिच्या विरोधी द्रव्य आपल्या रक्तरसांत आयतेंच असतें. ए गटाच्या माणसांत बीचें विरोधी द्रव्य, बी गटांत एचें, ओ गटांत दोहोंचें, आणि एबी गटांत एकहि नाहीं. भलत्या गटाचें रक्त चढविलें, तर हें विरोधी द्रव्य नव्या पेशींवर तुटून पडतें. पेशी फुटतात, मूत्रपिंडें बंद पडतात आणि रोगी प्राणास मुकूं शकतो. ओ गटाच्या पेशींवर ए व बी या दोन्ही खुणा नसल्यामुळें त्या बहुतेकांस चालतात, म्हणून त्यास आपण सर्वांचा दाता म्हणतों.

आतां 'बहुतेकांस' हा शब्द आम्हीं जाणून योजला आहे. ए आणि बी या खुणा पेशींवर अधांतरीं उभ्या नसतात. त्यांच्याखालीं एक पाया असतो. त्यास 'एच' असें नांव आहे. या पायावर ए किंवा बीचा मजला चढतो. ओ गटांत मजला नसतो, नुसता पाया असतो. परंतु फार थोड्या माणसांत हा पायाच घातलेला नसतो. पाया नाहीं म्हणून मजला नाहीं, आणि म्हणून नेहमींच्या तपासणींत असें रक्त हुबेहूब ओसारखें दिसतें. पण त्या माणसाच्या रक्तरसांत ए आणि बी यांच्याबरोबर या पायाचेंहि विरोधी द्रव्य असतें. ओ गटाच्या पेशींवर तर पायाच सर्वांत अधिक उघडा! म्हणजे जगाचा जो दाता, तोच या माणसास वर्ज्य.

हा गट १९५२ सालीं मुंबईंत प्रथम सांपडला, म्हणून त्यास त्या शहराचें नांव मिळालें. डॉ. वाय. एम. भेंडे, डॉ. सी. के. देशपांडे आणि डॉ. एच. एम. भाटिया यांनीं लंडनच्या रेस, सँगर, मॉर्गन व वॉटकिन्स या शास्त्रज्ञांच्या सहकार्यानें 'लॅन्सेट' या वैद्यकीय पत्रांत त्याचें वर्णन प्रसिद्ध केलें. पुढें १९५७ सालीं मुंबईंत रक्तगटांचें संदर्भकेंद्र निघालें. परळ येथील के.ई.एम. रुग्णालयाच्या आवारांतील आजची राष्ट्रीय प्रतिरक्षा-रक्तविज्ञान संस्था ही त्याचीच वाढ होय. हिंदुस्थानांत सुमारें दहा हजारांत एक मनुष्य या गटाचा असतो असें मानतात. युरोपांत दहा लाखांत एक. हा कांहीं रोग नव्हे. असा मनुष्य धडधाकट जगतो. रक्त घेण्याची वेळ येईपर्यंत त्यास आपलें वेगळेपण कळतहि नाहीं.

मग तो आपल्याकडेच अधिक कां? येथें आम्हांस आमचें संस्कृत आठवलें. एचचा पाया घालणारें बीज आई आणि बाप या दोघांकडून एक एक येतें. दोहोंपैकीं एक जरी चांगलें असलें तरी पाया पडतो. दोन्ही निकामी असलीं तरच पडत नाहीं. असें निकामी बीज एका घराण्यांत पिढ्यान् पिढ्या गुप्त राहूं शकतें. परंतु त्याच घराण्याच्या दोन शाखा विवाहानें पुन्हां एकत्र आल्या, तर तें दोन्ही बाजूंनीं येण्याचा संभव वाढतो. आईबाप दोघेहि असें एकेक गुप्त बीज बाळगणारे असले, तर प्रत्येक अपत्याच्या बाबतींत चारांत एक वेळ हा गट उतरण्याची शक्यता असते.

आमच्या धाकट्या बंधूची पत्नी ही आमच्या सख्ख्या मामांची मुलगी. देशावर ही चाल जुनीच आहे. दक्षिणेंतील लोकांचा विशेष आचार म्हणून बौधायनानेंहि तिचा उल्लेख केला आहे. उलट विज्ञानेश्वरानें मिताक्षरेंत 'सपिंड' या शब्दाचा अर्थ एकाच देहाचे अंश ज्यांच्यांत आले आहेत ते, असा केला. आणि मातेकडून पांच व पित्याकडून सात पिढ्या टाळाव्या, हा शास्त्राचा दंडक. तीस वर्षें आम्हीं शाळेंत संस्कृत शिकविलें. पण हा दंडक आणि आमच्याच घरचें लग्न यांची सांगड घालून पाहण्याचें कधीं सुचलें नाहीं. झालेल्या विवाहांस आम्ही दोष देत नाहीं. भावजयीसारखी गृहिणी मिळणें हें आमच्या घराचें भाग्य. पुढील पिढीचे विवाह ठरवितांना मात्र ही गोष्ट ध्यानांत असावी.

आतां पुतणीचें काय झालें तें सांगतों. चारांत एक या हिशेबानें सख्ख्या भावंडांत हा गट सांपडण्याचा संभव सर्वांत अधिक, म्हणून डॉक्टरांनीं तिच्या भावास बोलाविण्यास सांगितलें. तो पुण्यास नोकरीस असतो. रात्रीं तो पोहोंचला, आणि दैव खरें कीं, त्याचेंहि रक्त त्याच गटाचें निघालें. त्याचेंहि वेगळेपण त्यास त्या रात्रींच कळलें. परंतु तें रक्त लगेच चढविलें नाहीं. रोगांच्या चांचण्या झाल्यावर त्यावर किरणांचा प्रयोग करण्यांत आला. सख्ख्या भावाच्या रक्तास ही शंका कां, असें आम्हीं विचारलें. त्यावर मिळालेलें उत्तर आम्ही जन्मभर विसरणार नाहीं. जवळच्या नातलगाच्या रक्तांतील पांढऱ्या पेशी कधीं कधीं रोग्याच्या शरीरास परक्या अशा ओळखूं येत नाहींत. त्या आंत ठाण मांडतात आणि मग घरच्याच देहावर हल्ला चढवितात. असें क्वचितच होतें. पण झालें तर बहुधा रोगी वांचत नाहीं. किरणांनीं त्या पेशी निष्प्रभ केल्या म्हणजे धोका टळतो. 'आपलें रक्त तें आपलेंच' या आमच्या अभिमानाचें उत्तर आम्हांस असें मिळालें.

एका पिशवीनें भागणार नव्हतें. दुर्मिळ गटाच्या दात्यांच्या यादीवरून दुसऱ्या जिल्ह्यांतील एका गृहस्थांचा पत्ता लागला. ते पहाटे आले, रक्त दिलें, चहा घेतला आणि कामावर जावयाचें म्हणून निघूनहि गेले. त्यांचें गोत्र, त्यांची जात आम्हांस ठाऊक नाहीं, आणि पिशवीवर तसें कांहीं लिहिण्याची पद्धतहि नाहीं. घरचीं चार माणसें दाराशीं उभीं असतांना ज्याचें रक्त आमच्या मुलीस चाललें, तो आमचा कोणीहि नव्हता. मायलेकी आतां सुखरूप आहेत. श्रीसिद्धनाथाचा रथ यंदां आम्हीं पाहिला नाहीं. पण त्याची कृपा पाहिली.

या प्रसंगावरून सुचलेल्या कांहीं गोष्टी वाचकांपुढें ठेवतों. घरांतील प्रत्येकाचा रक्तगट जन्मपत्रिकेइतक्याच काळजीनें टिपून ठेवावा. मात्र तो घाईच्या एका चांचणीवर विसंबून नको. आमच्या पुतणीच्या कागदावर ओ लिहिलें गेलें, कारण पेशी तेवढ्या तपासल्या गेल्या. तिच्या रक्तरसांत ओ गटाच्या पेशी घालून पाहिल्या असत्या तर फरक तेव्हांच उघड झाला असता. एक काटेरी युरोपीय झुडूप आहे. त्याच्या बियांच्या अर्कानें एचचा पाया आहे कीं नाहीं हें कळतें. चांगल्या रक्तपेढींत ही सोय असते. आणि कागदावर गट कांहींहि असो, रक्त चढविण्यापूर्वीं दात्याचें व रोग्याचें रक्त प्रत्यक्ष जुळवून पाहिलें कीं नाहीं, हें घरच्यांनीं विचारण्यांत संकोच धरूं नये.

दुसरें, ज्या सुनेचा किंवा मुलीचा गट 'निगेटिव्ह' आहे, म्हणजे जिच्यांत १९४० सालीं शोध लागलेली ऱ्हीसस ही खूण नाहीं, तिचें मूल पॉझिटिव्ह असल्यास पुढील गर्भास धोका संभवतो. त्यासाठीं अठ्ठाविसाव्या आठवड्याच्या सुमारास आणि बाळंतपणानंतर बहात्तर तासांच्या आंत 'अँटि-डी' नांवाचें इंजेक्शन देतात. डॉक्टरांस ती आठवण करून देण्याची जबाबदारी घरांतील वडील बायकांनीं आपल्या अंगावर घ्यावी.

तिसरें रक्तदानाविषयीं. रक्त विकत मिळत नाहीं. सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानें १ जानेवारी १९९८ पासून पैसे घेऊन रक्त देण्यास बंदी आहे. तें साठवूनहि फार काळ ठेवतां येत नाहीं. नेहमींची पिशवी थंड कपाटांत पस्तीस ते बेचाळीस दिवस टिकते. म्हणून देणाऱ्यानेंच पुन्हां पुन्हां द्यावें लागतें. अठरा ते पासष्ट वर्षांच्या, पंचेचाळीस किलोंहून अधिक वजनाच्या निरोगी माणसास देतां येतें. पुरुषांनीं तीन महिन्यांनीं, स्त्रियांनीं चार महिन्यांनीं. एका वेळीं साडेतीनशें किंवा साडेचारशें मिलिलीटर घेतात. यानें अशक्तपणा येतो ही भीति निराधार आहे.

आमचा पुतण्या व पुतणी यांचीं नांवें आतां त्या दुर्मिळ दात्यांच्या यादींत लागलीं आहेत. पुतणीचें रक्त पुरतें भरून निघाल्यावर डॉक्टर म्हणतील तेव्हांच तिची पाळी येईल. घरांतील बाकीच्या सहा मंडळींनीं गेल्या पौषांत शहरांत जाऊन रक्त दिलें. तें कोणास गेलें हें आम्हांस कळणार नाहीं. पहाटे आलेल्या त्या गृहस्थांचें ऋण त्यांना परत देतां येण्यासारखें नाहीं; तें दुसऱ्या कोणा अनोळखी माणसासच फेडावें लागणार. आम्हांस वयामुळें तेवढें करतां येत नाहीं, म्हणून हें लिहिलें.