‘आधीचाच बरा होता!’

जेम्स बॉण्डचा पुढचा चेहरा कोण, यावर तुमचंही काहीतरी मत असेलच. डॅनियल क्रेगने २०२१च्या ‘नो टाइम टू डाय’नंतर ही भूमिका सोडली. ‘ड्यून’वाला डेनी व्हिलनव्ह पुढचा बॉण्डपट करणार, हे २०२५मध्ये जाहीर झालं आणि नावांचे अंदाज पुन्हा सुरू झाले. गंमत म्हणजे नाव कोणाचंही येऊ दे, त्यावरची पहिली प्रतिक्रिया आधीच ठरलेली असते : आधीचाच बरा होता!

हे वाक्य सगळ्यात जास्त ज्याने ऐकलं, त्याचा सिनेमा तुम्ही बघितला नसेल तर जरूर बघा. सिनेमा १९६९चा, ‘ऑन हर मॅजेस्टीज सिक्रेट सर्व्हिस’. नट जॉर्ज लेझनबी.

तेव्हाची परिस्थिती डोळ्यांसमोर आणा. शॉन कॉनरीने पाच बॉण्डपट करून जगाला वेड लावलंय. बॉण्ड म्हणजे कॉनरी, कॉनरी म्हणजे बॉण्ड. कंटाळून तो बाहेर पडतो आणि त्याच्या जागी येतो ऑस्ट्रेलियातला एक पोरगा. आधी गाड्या विकायचा, मग लंडनमध्ये मॉडेलिंग. चॉकलेटच्या जाहिरातीतला चेहरा म्हणून लोकांना माहीत होता. अभिनयाचा अनुभव? शून्य. तो स्वतः सांगतो, की कॉनरीच्या शिंप्याकडे पडून असलेला, कॉनरीने न नेलेला सूट त्याने घेतला, केसही तसेच कापून घेतले आणि निर्मात्यांच्या ऑफिसात गेला. आधी कामं केल्याची थापही ठोकून दिली. शूटिंग सुरू झालं तेव्हा वय होतं २९.

प्रेक्षकांनी आणि समीक्षकांनी काय केलं असेल, ते वेगळं सांगायला नको. प्रत्येक हालचाल कॉनरीच्या मापाने मोजली गेली. चालतो तसा नाही, हसतो तसा नाही, डायलॉगमध्ये ती धार नाही. ‘यू ओन्ली लिव्ह ट्वाइस’पेक्षा गल्ला कमी जमला. सिनेमा तोट्यात मुळीच गेला नव्हता, तरी ‘पडला’ असाच शिक्का बसला. त्यातच लेझनबीने एकच सिनेमा करून बॉण्ड सोडला, मग काय, लोकांनी गृहीतच धरलं की त्याला हाकलला.

प्रत्यक्षात निर्माते त्याला सात सिनेमांचा करार देत होते. नकार त्याने दिला. त्याच वर्षी ‘इझी रायडर’ आला होता, हिप्पींचा जमाना होता आणि सूटबूट घातलेला हेर आता जुना झाला, असं त्याच्या एजंटने त्याच्या मनात भरवलं. प्रीमियरलाही हा दाढी आणि लांब केस वाढवून गेला! बॉण्ड काही जुना झाला नाही. १९७१मध्ये ‘डायमंड्स आर फॉरएव्हर’साठी कॉनरीला भरभक्कम मानधन देऊन परत आणावं लागलं आणि १९७३पासून रॉजर मूरने गादी सांभाळली.

आज या सिनेमाबद्दल प्रेक्षकांशी बोललात तर सरळ दोन तट दिसतात. एक तट म्हणतो, सगळ्या बॉण्डपटांत हाच सर्वांत चांगला. दुसरा म्हणतो, सिनेमा भारी, फक्त यात कॉनरी हवा होता. ख्रिस्तोफर नोलन पहिल्या तटातला. हा त्याचा आवडता बॉण्डपट, आणि ‘इन्सेप्शन’मधला बर्फातला किल्ला बघितलात तर का ते लगेच कळतं.

पहिल्या तटाकडे सांगण्यासारखं खूप आहे. दिग्दर्शक पीटर हंट हा आधीच्या बॉण्डपटांचा संकलक, त्यामुळे मारामाऱ्यांना जबरदस्त वेग. बर्फातल्या पाठलागासाठी विली बोग्नर हातात कॅमेरा घेऊन स्वतः स्कीइंग करत होता, काही वेळा चक्क उलटा! खलनायकाचा अड्डा म्हणजे स्वित्झर्लंडच्या शिल्टहॉर्न शिखरावरचं गोल फिरणारं रेस्टॉरंट. ते तेव्हा अर्धवट होतं, ते पूर्ण करायला सिनेमावाल्यांनी हातभार लावला. आजही ते सिनेमातल्याच ‘पिझ ग्लोरिया’ या नावाने चालतं. जॉन बॅरीचं संगीत, लुई आर्मस्ट्राँगचा आवाज. आणि डायना रिग! तिची ट्रेसी बॉण्डच्या मागे फरफटत जात नाही, गाडी चालवून त्यालाच संकटातून बाहेर काढते.

दुसऱ्या तटाचंही सगळंच खोटं नाही. लेझनबी काही प्रसंगांत खरंच अवघडलेला वाटतो. बॉण्ड वेषांतर करून खलनायकाच्या अड्ड्यावर राहतो, तेव्हाचा त्याचा आवाज तर जॉर्ज बेकर या दुसऱ्याच नटाचा आहे. म्हणजे नवा नट, आणि सिनेमाचा मोठा भाग त्याला स्वतःचा आवाजही नाही. मग लोकांचा विश्वास बसायचा कसा?

पण आता शेवट बघा. (स्पॉयलर आहे, पण सिनेमाला पन्नासहून जास्त वर्षं झाली, तेव्हा माफ करा.) बॉण्ड लग्न करतो आणि काही वेळातच ट्रेसीला गोळी लागते. तो तिला जवळ घेऊन बसतो, काही झालंच नाही असं बोलत राहतो. पहिल्या टेकला लेझनबी खरंच रडला होता. बॉण्ड रडत नाही, म्हणून दिग्दर्शकाने दुसरा टेक घेतला आणि तोच वापरला. अश्रू नाहीत, तरी अंगावर येतो. कॉनरीचा बॉण्ड कधी हरणारच नाही, अशी आपली खात्री होती. या पोराबद्दल तशी खात्री वाटत नाही, म्हणूनच तो शेवट लागतो. ज्याला लोक कमतरता म्हणत होते, तीच इथे कामाला आली. ‘नो टाइम टू डाय’ला याच सिनेमाची धून आणि गाणं परत घ्यावंसं वाटलं, ते उगाच नाही.

तुलना करणं हा काही गुन्हा नाही. आपण मराठी माणसं तर त्यात पटाईत. ‘नटसम्राट’ म्हटलं की ‘लागूंचाच खरा’ हे ऐकल्याशिवाय गप्पा संपत नाहीत. तरीही दत्ता भट, सतीश दुभाषी, यशवंत दत्त या नटांनी अप्पासाहेब उभे केले आणि लोकांनी तिकिटं काढून ते बघितले. तिथे निदान आधी बघायचं आणि मग भांडायचं, ही रीत होती.

आता उलटं झालंय. २००५मध्ये क्रेगचं नाव जाहीर झालं तेव्हा त्याचे केस सोनेरी आहेत, म्हणून बहिष्काराची मोहीम निघाली. तोवर सिनेमाचा एक शॉटही कोणी बघितला नव्हता. २००६मध्ये ‘कॅसिनो रोयाल’ आला आणि तेच लोक गप्प झाले. ‘डॉन ३’साठी २०२३मध्ये रणवीर सिंगचं नाव आलं तेव्हाही कमेंट्समध्ये वेगळं काय होतं? क्रेग नशीबवान, त्याला उत्तर द्यायला पुढचे चार सिनेमे मिळाले. लेझनबीला प्रेक्षकांनी बरं म्हणेपर्यंत काही दशकं गेली.

म्हणून नवा बॉण्ड येईल तेव्हा एवढंच करा. आधी सिनेमा बघा. मग स्वतःला विचारा : मला हा माणूस आवडला नाही, की फक्त जुन्याची आठवण येतेय? गोष्टीला असाच माणूस हवा होता का? उत्तर ‘नाही’ आलं तर खुशाल झोडपा, तिकिटाचे पैसे तुम्ही भरलेत. पण ट्रेलर यायच्या आधीच निकाल लावू नका. उद्या तुमच्यातलंच कोणीतरी कोणाच्या तरी जागी पहिल्यांदा उभं राहणार आहे. नोकरीत, टीममध्ये, नाटकाच्या ग्रुपमध्ये. तेव्हा समोरच्यांनी आधी तुमचं काम बघावं, असं तुम्हालाही वाटेलच ना?