कोल्ह्याला आवतण कोणाचे?

'कोल्हा काकडीला राजी' ही म्हण ज्याने पहिल्यांदा उच्चारली, त्याने कोल्हा नीट पाहिलेला होता. उंदीर, घुशी, टोळ, काकडी, मका, ऊस, मेलेले ढोर, हाती लागली तर कोंबडी, आणि बोरे पिकली की बोरेही. या जनावराला काहीच वर्ज्य नाही. मेहरूणची बोरे साऱ्या खान्देशाला ठाऊक आहेत. बोरांच्या हंगामात पहाटे बांधावर बियांनी भरलेली विष्ठा दिसली, तर ती बहुधा कोल्ह्याचीच असते. जे मिळेल त्यावर भागवणारे हे जनावर जिथे आयते मिळते तिथे फिरून फिरून येते. म्हणूनच करडू गेले, खुराडे फुटले की 'कोल्हे फार माजलेत, बंदोबस्त करा' अशी जी ओरड होते, ती चुकीच्या दाराशी जाते. बंदोबस्त हवाच, पण तो कोल्हा जे खायला येतो त्याचा आणि ज्या फटीतून आत शिरतो तिचा. कोल्हे मारून हा प्रश्न सुटत नाही, याला जगभरचा पुरावा आहे.

मेहरूण एकेकाळी आपले शिवार असलेले गाव होते. आज ते जळगाव शहराच्या पोटात आले आहे. एकीकडे तलाव, दुसरीकडे अजिंठा रस्त्याची औद्योगिक वसाहत, जवळच लांडोरखोरीचे वनोद्यान, आणि अधेमधे पडीक प्लॉट, नाले, बाभळीची झुडपे, उरलीसुरली शेती. शहर आणि शिवार यांच्यामधला असा पट्टा कोल्ह्याला मानवतो, कारण तिथे लपायला झुडूप असते आणि खायला माणसाने टाकलेले असते. शेळ्या-कोंबड्या पाळणारी घरेही याच पट्ट्यात असतात. गाय मेली, वासरू मेले की ते ओढत नेऊन नाल्यात टाकायचे ही जुनी रीत. पूर्वी गिधाडे होती तेव्हा ती खपून जायची. दिवसभरात नुसता सांगाडा उरायचा. डायक्लोफेनॅक या औषधाने गिधाडे संपली, २००६ मध्ये जनावरांसाठीच्या त्या औषधावर बंदी आली, पण गिधाडे काही परतली नाहीत. आता ते ढोर चार-चार दिवस तिथेच सडते आणि रात्री कोल्हे व मोकाट कुत्री त्यावर जमतात. त्यात कोंबडीच्या दुकानांतले पंख, आतडी, मुंडकी पोत्यात भरून नाल्याकाठी टाकली जातात. नाल्यापासून पन्नास पावलांवर कोणाचा गोठा असेल, तर ढोर संपल्यावर ती वर्दळ कुठे वळणार, हे सांगायला तज्ज्ञ लागत नाही.

'तरीही आधी मारा, मग बाकीचे बघू', हा युक्तिवाद बिनतोड वाटतो, म्हणून त्याची फोड करायला हवी. अमेरिकेत कोल्ह्याचाच एक मोठा भाऊबंद आहे, कायोटी. मेंढ्या मारतो म्हणून तिथल्या सरकारने शंभर वर्षांहून अधिक काळ बंदुका, सापळे, विष यांनी त्याचा पाठलाग केला. आजही सरकारी यंत्रणा दरवर्षी साठ हजारांच्या आसपास कायोटी मारते. परिणाम काय झाला? विसाव्या शतकात कायोटी आटला नाही, उलट पश्चिमेकडच्या माळांवरून पूर्व किनाऱ्यापर्यंत पसरला आणि शिकागोसारख्या शहरात जाऊन राहिला. १९७५ मध्ये कॅलिफोर्नियातल्या संशोधकांनी गणित मांडून दाखवले, की दरवर्षी ७५ टक्के कायोटी मारले तरी ते नामशेष व्हायला पन्नासहून अधिक वर्षे लागतील. कारण सरळ आहे. हद्द धरून राहिलेली जोडी मारली की हद्द रिकामी होते, तिथे नवी तरुण जनावरे शिरतात, उरलेल्यांना खाणे जास्त मिळते आणि जगणाऱ्या पिल्लांची संख्या वाढते. कोल्हा म्हणजे कायोटी नव्हे, हे खरे. पण जोडीने हद्द धरणे, मोठी पिल्ले आईबापाजवळ थांबणे आणि रिकामी जागा चटकन भरणे, या तिन्ही बाबतींत दोघांचे वळण एक आहे. विष तर मारायच्या जनावरापुरते थांबतच नाही. विष घातलेले मढे घारी खातात, मुंगूस खातो, शेजाऱ्याचा राखणीचा कुत्राही खातो. शिवाय वन्यजीव कायद्यातली २०२२ ची दुरुस्ती १ एप्रिल २०२३ पासून लागू झाल्यापासून कोल्हाही लांडग्यासारखाच पहिल्या अनुसूचीत आहे. शेळी-कोंबडीच्या नुकसानीसाठी त्याला मारायची परवानगी कायद्याने मिळूच शकत नाही.

'मारू नका, पण पकडून लांब जंगलात तरी सोडा', हा मधला मार्ग सुचवला जातो. खान्देशाने तरी तो सुचवू नये. २००१ नंतर जुन्नर परिसरात उसातले बिबटे पकडून दूर नेऊन सोडायचा सपाटा लागला होता. विद्या अत्रेय आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्या काळाचा अभ्यास केला. बिबटे हलवायला लागण्यापूर्वी तिथे माणसांवर वर्षाला सरासरी चार हल्ले होत होते. हलवाहलवीच्या काळात ते सतरावर गेले. पकडलेल्या बिबट्यांपैकी काही आपल्या यावल अभयारण्यात आणून सोडले गेले, आणि तिथेही माणसांवर हल्ले झाले. अनोळखी मुलखात सोडलेले जनावर घराच्या दिशेने चालू लागते किंवा बिथरते, आणि एका गावचे दुखणे दुसऱ्या गावच्या पदरात पडते. बिबट्याच्या बाबतीत जे महाग पडले ते कोल्ह्याच्या बाबतीत स्वस्त पडेल, असे मानायला आधार नाही.

मग करायचे काय, याचे उत्तर धुळे-नंदुरबारच्या ठेलारी मेंढपाळांना पिढ्यान्‌पिढ्या माहीत आहे. लांडगा त्यांचा रोजचा सोबती. दिवस मावळला की वाड्यावर मेंढरे वाघुरीत घेतात. वाघूर म्हणजे दोरीचे जाळे, मेखांवर ताणून उभे केलेले. कोकरे वेगळी झाकून ठेवलेली, कडेला कुत्री, आणि माणूस तिथेच उघड्यावर निजलेला. जळगावला पाणी पाजणाऱ्या नदीचे नावही वाघूरच, पण ही दोरीची वाघूर शहराच्या विस्मरणात गेली. बंगल्यामागे किंवा प्लॉटच्या कोपऱ्यात चार शेळ्या बांधणाऱ्या घरी बहुधा पत्र्याचे छप्पर असते, तीन बाजूंना कूड किंवा तट्ट्या, आणि चौथी बाजू उघडी. दार असलेच तर खाली वीतभर फट. कोल्ह्याला तेवढी पुरते. नाही पुरली तर तो माती उकरतो. तिथे हवी ती बारीक तारेची जाळी, जमिनीत फूटभर पुरलेली, वरूनही बंद, आणि जमिनीला टेकणारे दार. नव्याने जन्मलेले करडू रात्री आत, कोंबड्या दिवे लागायच्या आत खुराड्यात, त्यांचे सांडलेले दाणे झाडून घेतलेले. एका शेळीच्या किमतीत लहान गोठ्याची जाळी होऊन जाते आणि ती वर्षानुवर्षे टिकते. शेळीगटाच्या सरकारी योजनांत जनावर देतात, तशी ही जाळीही त्याच अनुदानात द्यायला हवी. कॅलिफोर्नियातल्या मरिन परगण्याने २००० मध्ये सरकारी शिकाऱ्यांचा करार सोडला आणि तोच पैसा मेंढपाळांच्या कुंपणांकडे व राखणीच्या कुत्र्यांकडे वळवला. जळगाव महापालिकेला आणि पशुसंवर्धन विभागाला तेवढे लांब पाहायचीही गरज नाही. साक्री तालुक्यातला एखादा वाडा पाहिला तरी पुरे.

यावर रास्त आक्षेप येतो, की कोल्ह्याचे कौतुक ज्याची शेळी जात नाही त्याने करावे. ज्या बाईचा महिन्याचा खर्च तीन शेळ्यांवर चालतो, तिला निसर्गाचा समतोल ऐकवणे हा क्रूरपणाच आहे. म्हणूनच इथला मुद्दा कोल्ह्याच्या कौतुकाचा नाही, तिच्या शेळीचा आहे: कोल्हे मारल्याने ती शेळी वाचत नाही, जाळीने वाचते. आणि कोल्ह्याचा शेतकऱ्याला उपयोग नाही असेही नाही. सर्बियात २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात तिथले कोल्हे वर्षाला ३,७०० टनांहून अधिक मेलेली जनावरे आणि सव्वा कोटीहून जास्त पिकांचे उंदीर फस्त करतात असा हिशेब निघाला. दुसरा आक्षेप त्याहून गंभीर आहे: माणसाला चावला तर? पिसाळलेला कोल्हा खरोखरच घातक असतो, भरदिवसा वस्तीत शिरून समोर येईल त्याला चावतो. २०२४ मध्ये मुंबईत चेंबूर भागातल्या कोल्ह्यांत रेबीज आढळला होता. अशा जनावराला ताबडतोब आवरलेच पाहिजे, तिथे दुमत नाही, आणि माणसाच्या जिवाला धोका असेल तर मुख्य वन्यजीव रक्षकांना तसा अधिकार कायद्याने दिलेला आहे. चाळीसगाव तालुक्यात बिबट्याने माणसांचे बळी घेतले, तेव्हा डिसेंबर २०१७ मध्ये वरखेडे शिवारात त्याला गोळी घातली गेलीच. चावा झाल्यास जखम साबणाने वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटे धुवावी आणि त्याच दिवशी सरकारी दवाखान्यात लस व सीरम घ्यावे; हळद-चुना लावून वाट पाहू नये. पण लक्षात घ्या, कोल्ह्याला रेबीज बहुधा मोकाट कुत्र्यांकडून लागतो, आणि दोघांची गाठ पडते ती त्याच सडक्या ढोरावर. नाला साफ झाला तर ही गाठही सुटते.

राहिला भरपाईचा मुद्दा. राज्याच्या यादीत वाघ-बिबट्याच्या बरोबरीने लांडगा, तरस आणि कोल्हाही आहे. २०२२ च्या शासन निर्णयाने शेळी किंवा मेंढी मेल्यास बाजारभावाच्या ७५ टक्के किंवा १५ हजार रुपये, यांतली कमी असेल ती रक्कम ठरवली, आणि ती तीस दिवसांत द्यावी, उशीर झाल्यास व्याज द्यावे, असेही पुढे ठरले. मोकाट कुत्र्यांनी शेळी मारली तर मात्र काहीच मिळत नाही. म्हणून पंचनाम्यात कोणी मारले हे नीट पाहणे महत्त्वाचे. कुत्री मागचे पाय, शेपूट, कान असे जागोजाग चावतात, एका रात्री अनेक जनावरे फाडतात आणि बरेचदा न खाता निघून जातात. कोल्हा बहुधा लहान करडाचा गळा धरतो, पोटाकडून खातो किंवा ओढून झुडपात नेतो. वनरक्षकांना हा फरक ओळखता येतो, पण त्यासाठी जनावर जागेवर असावे लागते. तेव्हा आपली शेळी अशी मेली, तर ती उचलून नाल्यात टाकू नका. तिच्यावर पोते झाका, फोटो काढा, आणि ४८ तासांच्या आत जवळच्या वन कार्यालयाला किंवा १९२६ या क्रमांकावर कळवा. पंचनामा झाला, की ती खोल खड्ड्यात पुरा.